बराबरची शिट्टी

बदनापूर स्टेशनाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मला आठवड्यातून एकजण तरी गाठतोच. आधी तब्येतीची चौकशी होते, मग माणूस जवळ सरकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सर, आता तर रिटायर झालात. आता खरं सांगा. पंच लोक बघून देतेत का?"

'बघून देणं' म्हणजे गाव बघून, माणूस बघून निकाल देणं. मी इथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि तीसएक वर्षं जिल्ह्यात कबड्डीचा पंच. दोन्हींतून मोकळा झालो. पण पोरांना काय शिकवलं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांना पडलंय ते शिट्टीचं. मी "न्हाई हो, तसं काही नसतं" म्हणतो, चहा अर्धा ठेवतो आणि चालू लागतो.

घरी तरी स्वस्थ बसावं, तर तेही होत नाही. टीव्हीवर मोठ्या लीगचे बाद फेरीचे सामने लागतात. बाकीचे लोक खेळाडू बघतात, मी पंचाचे डोळे कुठे आहेत ते बघतो. चढाई सुरू झाली की मी आपोआप उठून टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहतो, जसा रेषेवर उभा राहायचो तसा. माझी बायको सुमन वैतागते. "अहो, बसा की खाली. तुमच्या उभं राह्यल्यानं तो आऊट होणार हाय का?" तिथे शंका आली की तेच दृश्य सावकाश, चार बाजूंनी दाखवतात. ते बघून मला हेवा वाटतो आणि रागही येतो. आम्हाला एकच बाजू होती आणि एकच वेळ.

ज्यांनी हा खेळ मैदानाच्या कडेला उभं राहून बघितला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्हीकडे सात-सात गडी. एकजण 'कबड्डी कबड्डी' असा दम घेत समोरच्या अंगणात शिरतो, कुणाला तरी शिवतो आणि मध्यरेषेपर्यंत परत येतो. ही चढाई. ज्याला शिवला तो बाद. आता पंचाचं बघा. चढाई करणाऱ्याचा अंगठा, समोरच्याचा गुडघा, मागचा पाय, फक्कीने आखलेली पांढरी रेषा, हे सगळं डोळ्यांच्या एका जोडीने बघायचं आणि दम तुटला का ते कानाने ऐकायचं. पायांकडे बघावं तर हात सुटतात, हातांकडे बघावं तर पाय. आणि निकाल लगेच द्यायचा. जरा थांबलात की पब्लिकला वाटतं, साहेब सौदा ठरवून राह्यले.

आणखी एक नियम इथेच सांगून ठेवतो. मैदानाच्या दोन्ही लांब कडांना एक-एक अरुंद पट्टी आखलेली असते. तिला लॉबी म्हणतात. चढाई करणाऱ्याने एखाद्या गड्याला शिवलं की ती पट्टी खेळात येते, तिच्यातून पळता येतं. कुणाला न शिवता तिच्यात पाय पडला, तर चढाई करणाराच बाद. म्हणजे स्पर्श झाला की नाही, या एका गोष्टीवर तोच पाय बरोबर ठरतो किंवा चुकीचा.

माझी बरीच वर्षं गफूरभाईंच्या जोडीला गेली. जालन्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि जिल्ह्यात त्यांच्याइतका जुना पंच दुसरा नव्हता. एका बाजूच्या रेषेवर ते, दुसऱ्या बाजूला मी. आमच्याकडे गावात स्पर्धा असली की पंचांचा आधी टॉवेल-टोपी घालून सत्कार होतो, मग सरपंचांच्या घरी जेवण. मी तरुण होतो, मला ते आवडायचं. गफूरभाई टोपी घ्यायचे, हात जोडायचे आणि जेवायला मात्र पिशवीतून स्वतःचा डबा काढायचे. भाकरी आणि ठेचा. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, पुरणपोळी खाल्ली की मला झोप येती. अन् झोप आली की यजमानाचा पाय रेषेच्या आतच दिसतो."

सुरुवातीच्याच एका सामन्यात माझ्या हातून चुकीचा निकाल गेला. लगेच कडेने आरडाओरडा सुरू झाला, "पंच, बराबर करा! बराबर करा!" पुण्या-मुंबईच्या वाचकांनी लक्षात घ्यावं, आमच्याकडे 'बराबर'ला दोन अर्थ आहेत. बराबर म्हणजे योग्य आणि बराबर म्हणजे समसमान. पब्लिकला त्यातला दुसरा हवा असतो. एकाला चुकून दिलंस ना, मग दुसऱ्यालाही तसंच एक दे आणि फिटवून टाक. मी पुढच्या एका शंकेच्या जागी तसं केलं. लोक गप्प झाले. मला वाटलं, छान सांभाळलं.

मध्यंतरात गफूरभाई पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्याकडे आले. "मास्तर, ती दुसरी शिट्टी मुद्दाम दिली का?"

मी हसलो.

"हसू नका. चूक एक झाली तर एकच राहू द्या. बराबर देणं अलग, बराबर करणं अलग. मी टेलर हाय. एक बाही आखूड झाली म्हणून दुसरी कापली तर गिऱ्हाईकाला दोन आखूड बाह्या भेटतेत."

मी मान हलवली. नवा माणूस हलवतो तशी.

साखळी सामन्यात एवढं जाणवत नाही. हरलेल्या संघाला उद्या दुसरा सामना असतो. बाद फेरीत हरलेल्यांनी कपडे भरून गावाकडे निघायचं असतं, त्यामुळे प्रत्येक शिट्टीला धार येते. मी स्वतःला त्या वेळी बारकाईने बघायला लागलो, आणि जे दिसलं ते चांगलं नव्हतं. यजमान गावाचं पब्लिक अंगावर आल्यासारखं ओरडत असलं की त्यांच्या विरुद्धचा हात जरा उशिरा वर जायचा. नावाजलेल्या चढाईपटूने "लागला" म्हटलं की मला तो लागल्यासारखा दिसायचा, नवख्याने म्हटलं की शंका यायची. एखादा संघ खूपच मागे पडला की शंकेचा गुण त्याच्याकडे जायचा, कारण त्यावर कुणी भांडत नाही. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी दम दिला नव्हता. मी ठरवूनही काही केलं नव्हतं. पण गाड्यावर विचारणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? त्याला हो किंवा नाही पाहिजे असतं.

ऊसपट्ट्यातल्या एका संघाचे मॅनेजर होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. या तात्यांनी मला माझ्यापेक्षा आधी ओळखलं. सामना सुरू व्हायच्या आधी ते माइकच्या जवळ यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हे सर आले का? मंग झालं! आज आमचं काही खरं न्हाई." माझं डोकं फिरायचं. आणि मग डूख धरला असं कुणी म्हणू नये म्हणून मी तात्यांच्या संघाला इतकं जपायचो, की शंकेचा प्रत्येक गुण त्यांच्या पदरात. पुढे एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो. तात्या आता थकले होते, पण जीभ तशीच. म्हणाले, "सर, रागावू नका. तुम्हाला शिव्या दिल्या की दोन गुण बराबर भेटायचे. गफूरभाईला देऊन बघितल्या. काहीच न्हाई भेटलं. मंग सोडून दिलं."

पंगत हसली, मीही हसलो. पण ताटातली जिलबी तशीच राहिली. माझी नस त्या माणसाला सापडली होती. मला पक्षपाती म्हटलेलं सहन होत नव्हतं, आणि त्यासाठी मी काहीही करायला तयार होतो. 'काहीही' हा शब्द मी विचार करून लिहितो आहे.

कारण ते लग्न होण्याच्या आधीच अश्विनीचा सामना होऊन गेला होता.

मी मूळचा शहागडचा. नोकरीमुळे बदनापूरला राहिलो, तरी घर, शेत, भावकी सगळं तिकडेच. अश्विनीही शहागडची. तिचे वडील ट्रकवर होते. गोदावरीच्या वाळूत पळून पळून पोरीचे पाय असे तयार झाले होते, की तिला पकडायला तिघी लागायच्या. घरी आमचं येणं-जाणं होतं, ती मला काका म्हणायची. मैदानावर मात्र सर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच कळत होतं.

जिल्हा स्पर्धेचा उपांत्य सामना होता. शहागडच्या मुली विरुद्ध जालना शहरातला एक संघ. जिल्ह्याचा संघ निवडणारे लोक फक्त अंतिम सामना बघायला येणार होते. तिथे दिसली तर निवड, निवड झाली तर राज्य स्पर्धा, राज्यावर नंबर आला तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. अश्विनीचं वय पुढच्या वर्षी भरतीच्या अटीबाहेर जात होतं. म्हणजे तिला हा एकच सामना होता. हे मला माहीत होतं, कारण तिच्या वडिलांनीच मला सांगितलं होतं. "सर, तुम्ही काही करू नका, फक्त माहीत असू द्या," असं म्हणाले होते. भला माणूस.

मी त्या सामन्याला उभं राहायलाच नको होतं. स्पर्धेच्या सचिवांना मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "सर, दुसरा माणूस न्हाई. अन् तुमच्यावर कोण शंका घेईल?" हे शेवटचं वाक्य मला इतकं गोड लागलं, की मी पुढे काही बोललो नाही.

पहिल्या डावात शहागडच्या एका मुलीने बोनस मारला. बोनस म्हणजे समोरच्या अंगणातल्या आतल्या रेषेच्या पलीकडे एक पाय टाकायचा, तेव्हा मागचा पाय हवेत पाहिजे. मी गुण दिला. ती परत गेली आणि मला मातीत तिच्या मागच्या टाचेचा ठसा दिसला. ताजा, खोल. पाय हवेत नव्हताच. त्याच क्षणी सरपंचांना, म्हणजे मैदानावरच्या मुख्य पंचांना, सांगून निकाल फिरवता आला असता. नियमात बसत होतं. पण कडेने आवाज आला, "सर गावकी करून राह्यले!" दुसरा म्हणाला, "शहागडचेच हायत ते!" आता फिरवलं तर चोरी पकडली गेल्यासारखं दिसेल, असं वाटलं. मी पायाने तो ठसा पुसला.

दुसरा डाव संपायला आला, गुण समसमान. शेवटची चढाई अश्विनीची.

ती गेली. दम खणखणीत. माझ्या बाजूच्या कोपऱ्यातली मुलगी खाली वाकून बसली होती, गुडघ्यावर काळी नीकॅप. अश्विनीने पाठ वळवल्यासारखं केलं आणि झटक्यात पाय मागे फेकला. अंगठा गुडघ्याला लागला. काळ्या नीकॅपवर मातीचा पांढुरका ठिपका उमटला, तो मी बघितला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पलीकडच्या रेषेवरून गफूरभाईंना दिसणं शक्य नव्हतं, मध्ये दोघी आडव्या आल्या होत्या. त्या अश्विनीवर झेपावल्या, पण त्यांचा हात लागायच्या आत ती लॉबीतून घसरत निघाली आणि तिने मध्यरेषेच्या पलीकडे हात टाकला.

सगळं मैदान उभं राहिलं. अर्धे "लागला", अर्धे "न्हाई लागला". आणि त्या सगळ्या गोंगाटात कुणाचा तरी एक आवाज, "सर, आता तरी बराबर करा!"

माझी शिट्टी वाजली आणि हात लॉबीकडे गेला. स्पर्श नाही, लॉबीत पाय, चढाई करणारी बाद.

मुख्य पंचांनी विचारलं, "पक्कं का?" इथे मी थांबलो. खरं सांगतो, थांबलो. फिरवायच्या बेतात होतो. तेवढ्यात अश्विनी उठली, अंगाला माती, धाप लागलेली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, लागलाय ओ. नीकॅपवर बघा."

काका. सगळ्यांनी ऐकलं. कडेचा एकजण हसला, "आलं का बाहेर!"

मी म्हणालो, "पक्कं."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मैदानाबाहेर गेली. भांडली नाही, रडली नाही. कोपऱ्यातल्या मुलीने तोवर नीकॅप झटकली होती. नंतर मी मनाशी मांडून बघितलं, तर बराबर करायला गेलो आणि तेही बराबर झालं नव्हतं. शहागडला चुकून एक गुण दिला होता. बदल्यात त्यांचा एक हक्काचा घालवला आणि समोरच्यांना एक फुकटचा दिला.

त्याच संध्याकाळी बक्षीस समारंभात अध्यक्षांनी माइकवरून माझं नाव घेतलं. "स्वतःच्या गावालासुद्धा न सोडणारा पंच." टाळ्या पडल्या. शाल मिळाली. मी ती अंगावर घेऊन खाली आलो, तर गफूरभाई मंडपामागे डबा उघडून बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "मास्तर, पोरीचा अंगठा लागला का?"

"न्हाई."

त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला. त्यानंतर ते माझ्या जोडीला कधी उभे राहिले नाहीत. गुडघे दुखतात, असं सांगायचे. दुसऱ्यांच्या जोडीला उभे राहताना मी त्यांना बघितलं आहे.

मला मात्र त्या सामन्यानंतर मोठमोठ्या बाद फेऱ्या मिळत गेल्या. कुठे तणाव असला की लोक म्हणायचे, त्या शहागडच्या सरांना बोलवा, ते घरच्यांनाही सोडत नाहीत. मी कधी गावाचा पक्ष घेतला नाही, जातीचा घेतला नाही, पैशाचा तर नाहीच. मी माझ्या नावाचा पक्ष घेतला. आणि तो पक्षपात कुणाच्या नजरेला येत नाही, हीच त्यातली सोय आहे.

अश्विनीची निवड झाली नाही. वय गेलं, लग्न झालं. शहागडला हायवेवर तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे, शेजारी तिचं झेरॉक्सचं. भरतीची जाहिरात निघाली की आसपासच्या गावांतल्या पोरी तिच्याकडे फॉर्म भरायला येतात. मी गावी गेलो की रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जायचो.

गेल्या हिवाळ्यात बदनापूरला स्पर्धा होती. मला नारळ फोडायला बोलावलं होतं. नारळ फोडून वळलो तर समोर अश्विनी. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात शिट्टी. पंच परीक्षा पास होऊन तिला दोन वर्षं झाली होती, मला पत्ता नव्हता. "नमस्कार सर," म्हणाली. काका ती त्या सामन्यानंतर मला तोंडावर पुन्हा कधी म्हणाली नाही.

मला राहवलं नाही. तिला मंडपाच्या बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं, "अश्विनी, त्या दिवशी लागला होता. मी बघितला होता."

ती रुमालाने शिट्टी पुसत होती. हात थांबला. "बघितला होता?"

"हो."

"मला वाटायचं, तुम्हाला दिसलंच न्हाई." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "पप्पा लई चिडले होते. गावातले पोरं तुमच्या घरी जायला निघाल्ते. मीच आडवलं. म्हणलं, त्यांच्या मधी कुणी तरी आलं असंल, दिसलं असतं तर काकांनी दिलंच असतं. आठ वर्षं मी लोकांला हेच सांगून राह्यले."

मी काय ऐकायच्या तयारीने गेलो होतो, ते आता लिहायला लाज वाटते. "जाऊ द्या सर, झालं गेलं," असं ती म्हणेल आणि मी हलका होऊन घरी जाईन, असा माझा बेत होता. तिच्याजवळ माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट उरली होती, तीही मी माझ्या समाधानासाठी काढून घेतली.

"माफ कर," मी म्हणालो.

"मला काय सांगून राह्यले, सर? अंगठा माझा होता. मला तर तेव्हाच माहीत होतं." तिने शिट्टी गळ्यात सोडली. "ज्यांच्यासमोर शाल घेतली, त्यांना सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

तिला रेषेवर बोलावणं आलं, ती गेली. मी पहिल्या चढाईपर्यंतही थांबू शकलो नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'एका निःपक्षपाती पंचाच्या आठवणी' मागितल्या होत्या. हा लेख मी चार वेळा लिहायला घेतला आणि चारही वेळा गफूरभाईंच्या डब्यावर आणि तात्यांच्या शिव्यांवर संपवला. लोकांना आवडला असता. पण त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण हा अंक घेतात, म्हणून त्यांच्यासाठी निकाल देतो.

शेवटची चढाई, शहागडची अश्विनी. तिच्या पायाचा अंगठा कोपऱ्यातल्या गड्याच्या गुडघ्याला लागला. लॉबी खेळात आली. दम होता, हात मध्यरेषेच्या पलीकडे पोचला होता. कोपऱ्यातला गडी बाद, गुण शहागडला. मला स्पष्ट दिसलं होतं.